पॉईंट तेच, पाणी उतरलेलं : गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमधल्या एका नावेचं प्रकरण

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, मासेमारी करणाऱ्या एका सहकारी संस्थेची ही हकिगत आहे. संस्थेचं, गावांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. संस्थेच्या साधनसामग्रीच्या आणि सुरक्षेच्या कामात मी सोबत होतो, त्यामुळे बैठकांतलं बोलणं आणि नंतरची उन्हातली पायपीट दोन्ही जवळून पाहता आली. मोबाईलच्या जीपीएसवर पॉईंट, म्हणजे जागांच्या खुणा, टाकून नाव चालवणारे आता प्रत्येक मोठ्या जलाशयावर दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण आहे. भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेलं. धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५० मीटर आहे. त्या पातळीला पाणी आलं की ते वैनगंगेच्या आणि कन्हानच्या पात्रातून मागे मागे सरकत आंभोऱ्याच्या संगमाच्याही वर जातं. इथली जमीन धानाच्या बांध्यांची, सपाट. म्हणून पाणी खोल कमी आणि पसरट जास्त. नदीच्या मूळ पात्रात बांबू तळाला टेकत नाही, आणि तिथून शंभर पावलांवर, जुन्या बांधीवर, कमरेएवढंच पाणी असतं. वरून दोन्हीकडे सारखंच दिसतं.

खाली गावं आहेत. पुनर्वसन झालं तेव्हा लोकांनी दारं, खिडक्या, कवेलू, लाकूडफाटा काढून नेला. मागे राहिले ते घरांचे पाये, सांदवाडीच्या दगडी भिंती, विहिरींचे कठडे, देवळाचा चौथरा, विजेचे सिमेंटचे खांब आणि मोहा-आंब्याचे खुंट. पाण्यात बुडालेलं लाकूड लवकर कुजत नाही. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेला मोहाचा खुंट आजही फायबरचा तळ फाडू शकतो.

या पाण्यावर ढिवर समाजाची माणसं पिढीजात मासे धरतात. धरणाआधी नदी आणि मालगुजारी तलाव, आता बॅकवॉटर. बहुतेकांकडे डोंगे, म्हणजे बिनमोटरच्या लहान नावा, आहेत. डोंग्याला चार बोटं पाणी जास्त-कमी झाल्याने फरक पडत नाही. तो अडखळला तर माणूस खाली उतरतो आणि ढकलतो. संस्थेने मात्र काही वर्षांपूर्वी मोटर लावलेली फायबरची नाव घेतली. काठाकाठाने फिरून डोंग्यांकडून रोहू, कटला, झिंगे गोळा करायचे आणि बर्फाची गाडी उभी असते त्या घाटावर आणून द्यायचे, हे तिचं काम. नावेचा तळ वीतभरच पाण्यात बसतो, पण मोटरचा पंखा त्याच्याही खूप खाली, साधारण पाऊण मीटरवर फिरतो. सगळं प्रकरण या फरकात आहे.

नाव चालवायचे संस्थेतले एक जुने नावाडी. सगळे त्यांना मामाजी म्हणत. त्यांनी मोबाईल कधी वापरला नाही. पलीकडच्या टेकडीवरचं देऊळ आणि त्यामागचा टॉवर एका रेषेत आणायचे आणि ती रेष धरून चालायचं. देऊळ टॉवरच्या डावीकडे सरकलं की आपण गावठाणाकडे ढळलो. मग पळसाची एक रांग दिसली की वळायचं. त्यांचा रस्ता नागमोडी होता आणि तरुणांना तो उगाच लांबचा वाटे. प्रत्यक्षात ते बुडालेल्या नाल्याच्या पात्रातून जात होते. गावाला वळसा घालून नदीला मिळणारा नाला हाच त्या भागातला सगळ्यात खोल पट्टा, आणि त्यात घरं, विहिरी किंवा झाडं असण्याचं कारण नव्हतं. मामाजींनी तो नाला कोरडा असताना बैल घेऊन ओलांडलेला होता. त्यांनी हे कोणाला समजावून सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

अडचण कशी तयार झाली

मामाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांचा भाचा मोटर चालवायला शिकलेला होता. डिसेंबरमध्ये, पाणी जवळजवळ काठोकाठ असताना, त्याने मामाजींसोबत एक फेरी मारली आणि मोबाईलवर जागोजागी पॉईंट टाकले. घाट, प्रत्येक गोळा करायची जागा, मधली दोन मोठी वळणं. नालाभर असलेल्या लहान वळणांवर त्याने पॉईंट टाकले नाहीत, कारण त्या पातळीला सरळ गेलं तरी कुठेच काही लागत नव्हतं.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि त्या वेळी तो कोणालाच निर्णय वाटला नाही. भाच्याचं काम नीटनेटकं होतं. प्रत्येक पॉईंटला नाव होतं आणि नेटवर्क नसताना चालावा म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला होता. जीपीएसला उपग्रह दिसले की पुरे, मोबाईलची रेंज लागत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. राहिलं ते एवढंच, की कोणत्या पातळीला हे पॉईंट घेतले ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हा मार्ग बिनघोर चालला. त्यामुळे त्याच्यावरचा विश्वास पक्का झाला, आणि पाणी रोज थोडंथोडं उतरत राहिलं.

त्या संध्याकाळी

एप्रिलचा शेवट. दुपारभर तापलेला पश्चिमेचा वारा सुटलेला होता. नावेत मासळीचे क्रेट, भाचा, संस्थेचा आणखी एक जण, आणि पलीकडच्या काठावरून बसलेल्या चार बाया. तेंदूपानाचे पुडके देऊन त्या घरी निघालेल्या होत्या. नाव माणसांच्या ने-आणीसाठी नव्हती. पण रस्त्याने मोठा फेरा पडतो, अंधार पडायला आलेला, ओळखीच्या बाया. नाही कोण म्हणणार? लाईफ जॅकेट दोन होती, तीही क्रेटच्या खाली.

भाच्याने पुढचा पॉईंट लावला आणि पडद्यावरच्या बाणाच्या दिशेने नाव धरली. इथे थोडं थांबून बाण काय सांगतो ते पाहायला हवं. तो फक्त आत्ता आहात तिथून पुढच्या पॉईंटची दिशा सांगतो. आडवा वारा नावेला बाजूला ढकलतो, बाण नव्या जागेवरून पुन्हा त्याच पॉईंटकडे रोखतो, चालवणारा इमानाने बाण पाळतो. तोंड कायम पॉईंटकडे असतं, पण नावेचा माग मात्र वारा ढकलतो त्या बाजूला धनुष्यासारखा वाकतो. दोन पॉईंटमधलं अंतर जेवढं लांब, तेवढा हा बाक मोठा. इथे मधला टप्पा लांब होता आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला गावठाण होतं.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्यावर बारीक वेगळी लाट दिसली म्हणून भाच्याने मोटर हळू केली. हे अगदी योग्य होतं. पण वेग चालण्याइतका कमी झाला की मोबाईलला आपण कुठल्या दिशेने चाललोय हे नीट कळत नाही, आणि पडद्यावरची नाव गरगर फिरायला लागते. मोटरच्या लोखंडाजवळ मोबाईलच्या होकायंत्रावरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी बाण कुचकामी होतो. भाच्याने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं, आणि वेग थोडा वाढवला, म्हणजे बाण स्थिर होईल.

पंखा एका विहिरीच्या कठड्यावर आपटला. पंख्याची पिन तुटली, मोटर रिकामी घरघरू लागली, नाव वाऱ्याला आडवी झाली. एक बाई घाबरून उभी राहिली तशी नाव कलंडली.

‘‘बसा! बसा बाई, खाली बसा!’’ भाचा ओरडला, आणि सोबतच्याने बांबू टेकवून नाव धरून ठेवली. पाणी छातीएवढंच होतं, पण कठड्याच्या आत विहीर होती. अर्ध्या तासाने एक डोंगा आला आणि बायांना दोन खेपांत काठावर नेलं. कोणाला इजा झाली नाही. मासळी मात्र उन्हाळ्याच्या धगीत गेली.

जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात याच वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या मजूर महिलांची नाव उलटून जीव गेले होते. बैठकीत त्याची आठवण कोणीतरी काढली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही.

कोणते मार्ग समोर होते

बैठकीत पहिली सूचना आली ती सोपी होती: मार्चनंतर मोटरची नाव बंद ठेवा. पण उन्हाळ्यातच पाणी आकसतं आणि मासळी जास्त सापडते. त्या दिवसांत नाव बंद म्हणजे डोंग्यांवरून घाटापर्यंत माल येईपर्यंत तो नरम पडणार. संस्थेला ते परवडणारं नव्हतं.

दुसरी सूचना, बांबू रोवून त्यांना कापड बांधावं. डोंगेवाल्यांना ती फार आवडली, कारण खूण सगळ्यांना दिसते, मोबाईल असो वा नसो. अडचण जलपर्णीची. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून इथे येतं. त्या पाण्यावर जलपर्णी माजते आणि तिचे ताटवे वारा नेईल तिकडे सरकतात. एवढ्या ओझ्यापुढे बांबू टिकत नाही. शिवाय कायमची खूण रोवायची तर पाटबंधारे विभागाची परवानगी लागणार.

तिसरी सूचना खोली मोजायच्या यंत्राची होती, म्हणजे इको साउंडर. मी स्वतः त्याच्या विरोधात बोललो. साधं यंत्र नावेच्या थेट खालची खोली दाखवतं, पुढची नाही. समुद्राचा तळ उतरत उतरत जातो तिथे आकडे कमी व्हायला लागले की आधी कळतं. विहिरीचा कठडा असा हळूहळू येत नाही. यंत्रावर तीन मीटर दिसतात आणि पुढच्या क्षणी पंखा तुटलेला असतो.

चौथी, जुन्या नकाशांची. धरणाआधीचे टोपोशीट मिळतात, आणि उपग्रहाची जुनी चित्रंही संगणकावर पाहता येतात. त्यात गावठाण आणि नाला स्वच्छ दिसतो. पण जुन्या भारतीय टोपोशीटचा अक्षांश-रेखांश मोजायचा मूळ आधार जीपीएसच्या आधारापेक्षा वेगळा आहे. रूपांतर न करता त्यावरून अक्षांश-रेखांश उचलले तर जागा कितीतरी मीटर सरकते. गाव कुठे आहे हे कळायला ठीक, विहीर चुकवायला नाही.

चर्चेला वळण मिळालं ते फोनवरून. मोटरची दुरुस्ती शिकवायला पूर्वी आलेला रत्नागिरीकडचा मेकॅनिक खाडीत नावा चालवलेला माणूस होता. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘पॉईंट घेतलेत तेव्हा पाणी केवढं होतं?’’ मग त्याने समजावलं. समुद्राच्या नकाशावर छापलेली खोली ही जवळजवळ अगदी खालच्या ओहोटीची असते. म्हणजे आकडा वाईटात वाईट वेळेचा, त्यात भरतीचं पाणी मिळवायचं. भरती-ओहोटीचं कोष्टक आधीच छापलेलं मिळतं, म्हणून खाडीवाला निघण्याआधी हिशेब करतो. ‘‘तुम्ही नेमकं उलटं केलंत. भरतीला मार्ग आखलात आणि ओहोटीला त्यावरून गेलात. तुमची ओहोटी सहा महिने चालते, म्हणून ती लक्षात आली नाही, एवढंच.’’

त्यानंतर मामाजी बोलले. डोळ्याला हिरवी पट्टी होती. ‘‘मे महिन्यात गाव उघडं पडते. मंग पान्यातून कायले शोधता? पायानं चाला ना.’’

काय केलं

मे महिन्यात संस्थेची माणसं, मामाजी आणि त्या गावात राहिलेली दोन म्हातारी जोडपी असे सगळे गाळ वाळलेल्या गावठाणात उतरले. चिखलाला भेगा पडलेल्या, शिंपल्यांचा खच, आणि मधेच एका जात्याचा खालचा दगड. एका आजींनी आपल्या कोठ्याचा पाया ओळखला आणि तिथून मोजत पाटलाची विहीर, शाळा, हनुमानाचा चौथरा अशा जागा दाखवत गेल्या. प्रत्येक अडथळ्यावर उभं राहून भाचा पॉईंट घेत होता. मोबाईल उघडल्याबरोबर नाही, तर अचूकतेचा आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत थांबून. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलची चूक साधारण पाच मीटरची असते. घाईत घेतलेल्या पॉईंटची कितीतरी जास्त.

या पायपिटीत दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या झाल्या, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. मार्गाचे पॉईंट वेगळे, धोक्याचे पॉईंट वेगळे. आधी संस्थेकडे फक्त मार्गाचे होते. पण वाटेत जलपर्णीचा ताटवा आला, कोणाचं जाळं लागलेलं असलं, किंवा वावटळीने नाव ढकलली, की मार्ग सोडावाच लागतो, आणि मार्ग सोडला की मार्गाच्या यादीचा काही उपयोग उरत नाही. तेव्हा हवी असते ती कुठे जायचं नाही याची यादी. दोन्हींतली एकच ठेवता येणार असेल, तर मी धोक्याची ठेवेन.

धोक्याच्या पॉईंटला उंची कशी लावायची, हा प्रश्न होता. सर्वेक्षकाचं यंत्र नव्हतं, आणि मोबाईल दाखवतो त्या उंचीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आडव्या जागेपेक्षा उंचीची चूक बरीच मोठी असते. उपाय पाण्यानेच दिला. उन्हाळ्यात जलाशयाचा पृष्ठभाग सपाट असतो. ज्या दिवशी विहिरीचा कठडा पाण्याबाहेर डोकावतो, त्या दिवशीची धरणाची पातळी हीच कठड्याच्या माथ्याची उंची. पातळी रोज जाहीर होते. डोंगेवाल्यांना कोणता खुंट कधी उघडा पडला हे आठवडा-पंधरवड्याच्या अंदाजाने आठवत होतं. उरलेल्यांवर पावसाळ्यात पाणी चढताना नजर ठेवली. मग हिशेब वजाबाकीचा. समजा माथा २४३.२० ला आणि आजची पातळी २४३.९०, वर सत्तर सेंटिमीटर पाणी. पंख्याला पाऊण मीटर लागतं, म्हणजे लागणारच. संस्थेने नियम केला, की माथ्यावर दीड मीटरपेक्षा कमी पाणी असेल तर तो अडथळा उघडा आहे असं समजून वागायचं. लाट, ओझं आणि नोंदीतली चूक, सगळं त्या दीड मीटरमध्ये धरलेलं आहे.

मार्गासाठी मामाजींचा नाला पायाने चालून काढला. प्रत्येक वळणावर पॉईंट, दोन पॉईंटमधलं अंतर लहान, म्हणजे वाऱ्याने बाक पडायला जागाच उरू नये. पॉईंट जवळ आला की मोबाईल ‘पोचलात’ म्हणून पुढच्या पॉईंटकडे वळवतो. ते वर्तुळ मोठं ठेवलेलं होतं, त्यामुळे नाव वळणं आतून कापत होती. ते लहान केलं. आणि बाण पाहायचा नाही, दोन पॉईंट जोडणारी रेष आणि आपला माग हे दोन्ही पडद्यावर ठेवून रेषेवर राहायचं, हे भाच्याने सरावाने बसवलं. नाला जिथे फार अरुंद आहे तिथे पाच मीटरची चूकही परवडत नाही. तिथे मोबाईल खिशात आणि मामाजींची देऊळ-टॉवरची रेष, असं ठरलं. प्रत्येक टप्प्याच्या नोंदीत ती रेष शब्दांत लिहून ठेवली.

याद्या तयार झाल्यावर एक घोळ झाला, तो सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या नावाड्याच्या मोबाईलमध्ये पॉईंट फोनवरून आकडे सांगून भरले. एकाचा मोबाईल अंश-मिनिटं-सेकंद दाखवत होता, दुसऱ्याचा अंश आणि दशांश मिनिटं. २० अंश ५१ मिनिटं ३० सेकंद हे दुसरीकडे २० अंश ५१.३० मिनिटं म्हणून गेलं. तीस सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, ०.३० नव्हे. फरक ०.२ मिनिटाचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट १८५२ मीटर असतं, म्हणजे पॉईंट जवळपास ३७० मीटर सरकला. तोच आकडा नुसते दशांश अंश म्हणून २०.५१३० असा भरला असता तर पॉईंट अडतीस किलोमीटर दूर गेला असता आणि लगेच लक्षात आला असता. ३७० मीटरची चूक पाण्यातच राहते, नकाशावर शोभून दिसते. दिवसाच्या चाचणीत देऊळ-टॉवरची रेष जुळेना म्हणून ती सापडली. त्यानंतर पॉईंट तोंडी सांगणं बंद. एका मोबाईलवरून सगळे पॉईंट असलेली जीपीएक्स फाईल काढायची आणि ती जशीच्या तशी पाठवायची.

सगळ्यात जास्त वाद मात्र यंत्राचा नव्हता. धोक्याचे पॉईंट सगळ्या गावांच्या डोंग्यांना द्यायचे, असं सुचल्यावर काही जुने मासेमार नाही म्हणाले. मासे नेमके त्या खुंटांच्या, भिंतींच्या आडोशालाच राहतात. अडथळ्यांची यादी वाटली म्हणजे आपल्या जाळ्याच्या जागा वाटल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते लोभाचंही नव्हतं; त्या जागांवर घर चालतं. दोन बैठकांनंतर तोडगा निघाला. मोटरच्या मार्गापासून दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंतचे अडथळेच सामायिक यादीत येतील, पलीकडच्या जागा ज्याच्या त्याने सांभाळाव्यात. यादीत ‘विहीर’, ‘भिंत’, ‘खुंट’ एवढंच लिहायचं, मासळीचा उल्लेख नाही.

चाचणीचा क्रम ठरवला: आधी डोंगा, हातात बांबू घेऊन, प्रत्येक पॉईंटवर खोली मोजत. मग मोटरची नाव रिकामी, मोटर अर्धी वर उचललेली. मग माल भरून. अंधार पडल्यावर नाव घाटावरून सुटणार नाही, आणि माणसं बसवायची झाली तर जॅकेट अंगात घातल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही, हे दोन नियम चाचणीच्याही आधी लागू झाले.

निष्पन्न काय झालं

पुढच्या उन्हाळ्यात नाव एप्रिल-मे दोन्ही महिने चालली. पंखा एकदा टेकला, संगमाच्या वरच्या अंगाला, आणि तिथे खाली दगड नव्हता, वाळू होती. विहिरीचा कठडा दहा वर्षांनीही तिथेच असेल; वाळूचा पट्टा प्रत्येक पुरानंतर नवा असतो, खाडीच्या तोंडावरचा सरकतो तसाच. वाळूचे पॉईंट आता वेगळ्या रंगात आहेत, त्यांना तारीख आहे, आणि पावसाळा संपला की ते पुसून पुन्हा घेतात.

मामाजी परत नावेवर येतात, पुढे बसतात. भाचा पडद्यावर आणि ते काठावर नजर ठेवतात. दोघांचं जुळत नाही तेव्हा मोटर आधी बंद होते आणि बोलणं नंतर. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण आता ते नियमासारखं झालं आहे.

पावसाळ्यासाठी हा सगळा हिशेब चालत नाही, हेही स्पष्ट झालं. मध्य प्रदेशात आणि कन्हानच्या खोऱ्यात वर पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडले, की पातळी काही तासांत बदलते आणि वाहतं पाणी सपाटही राहत नाही. त्या दिवसांत नाव बांधून ठेवतात.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरमधल्या त्या एका फेरीत मामाजींना प्रत्येक वळणावर ‘‘इथे का वळता?’’ एवढं विचारलं असतं तर नाल्याची गोष्ट तेव्हाच बाहेर आली असती. भाच्याने ते जिथे वळले ते नोंदवलं. का वळले ते नोंदवलं नाही. माहितगार माणसासोबत पॉईंट घेताना त्याचं बोलणंही मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं. त्याला खर्च नाही.

मार्चच्या मध्यात एक फेरी नुसती तपासणीसाठी घ्यायला हवी होती, हळू, दिवसा, बांबू घेऊन. पाणी ठरावीक पातळीच्या खाली आलं की जुना मार्ग बंद आणि तपासणीनंतरच पुढचा मार्ग सुरू, असा उंबरठा आता ठेवलेला आहे. तो आधी असता तर त्या बाया विहिरीच्या काठावर अडकल्या नसत्या.

माणसांच्या ने-आणीचा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. जॅकेट घालून बसवणं हे न बसवण्यापेक्षा बरं, कारण नाही म्हटलं तर त्या बाया डोंग्यातून जातात, आणि डोंग्यात जॅकेट नसतं. पण मासळीची नाव ही प्रवासी नाव नाही. यांत्रिक नावांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणी आणि सुरक्षा-साधनांच्या अटी आहेत. संस्थेने तिकडे अर्ज करावा असा माझा आग्रह आहे आणि कागदपत्रं गोळा होत आहेत. तोपर्यंत तेंदूपानाच्या हंगामात दुपारची एक वेगळी फेरी, क्रेट न भरता, फक्त माणसांची, उजेडात, असं चालू आहे.

बांबूच्या खुणांचा विषय मी त्या बैठकीत लवकर सोडून द्यायला नको होता, असं काही सभासद म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. काठावरच्या बहुतेक डोंगेवाल्यांकडे पॉईंट दाखवणारा मोबाईल नाही. सगळा मार्ग बांबूने आखणं जमणार नाही, पण गावठाणातल्या तीन विहिरींवर पक्की खूण उभी करता येईल; मे महिन्यात त्या कोरड्या असतात आणि कठड्यालाच लोखंडी पाईप बसवता येतो. विभागाकडे तसं पत्र दिलेलं आहे.